सर्वपित्रीचे बोळे

"हितं कुणी ठिवलाय गं ह्यो इळा? ऐन वाटंत? पाय कापला कुणाचा म्हंजी मग कळंल. आन न लागल्याली मेंढरं बी नेमकी हिच्याच हातची. दोनावर एक! हात हायत का काय हायत."

बायडाबाई हे कुणाला उद्देशून बोलत नव्हती. निदान तसं दाखवत तरी होती. मधे नुसता पत्रा. पत्र्याच्या अलीकडं शालूबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती आणि तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. ऐकू यावा म्हणूनच तो बोलला जातोय, अशी तिची बावीस वर्षांची समजूत होती. सासू आधीही बोलायची, पण गेल्या दोन वर्षांत म्हातारीच्या तोंडाला खळच उरला नव्हता. दगड दिसला की दगडाला शिवी, खुंटा दिसला की खुंट्याला, आणि दोन्हींच्या मधे जागा राहिली तर सुनेला.

'दोनावर एक' म्हणजे तीन. पण शालूचा सासरा केरबा, त्याच्या घरात मेंढरं मोजत नसत. मोजली की कमी होतात, हे केरबाच्या बापानं सांगितलेलं आणि त्याच्या बापानं त्याला. मोजायची गरजही नव्हती. केरबाला एकेक मेंढी तोंडावरून ठाऊक. पट्टणकोडोलीच्या जत्रेत दुसऱ्याच्या कळपात घुसलेली मेंढी त्यानं वर्षानंतर नुसत्या नाकाडावरून ओळखून ओढून आणली होती. तिचा मालक भांडायला उठला, तर ह्यानं तिच्या आईचं आणि आजीचं तोंड कसं होतं तेही सांगितलं. मालक गप झाला. ही गोष्ट बिद्रीपासून गारगोटीपर्यंत सगळ्या धनगरांना पाठ होती आणि केरबाला स्वतःला सगळ्यांत जास्त.

तर ती तीन. चांदी, बांडी आणि मोरी. बाकीची सगळी मेंढरं लागली होती, म्हणजे गाभण राहिली होती, त्यांची पोटं भरू लागली होती. ह्या तिघींची पोटं मात्र होती तशीच. दोन महिन्यांपूर्वी मेंढा आणला तेव्हा एकीनंही त्याला जवळ येऊ दिलं नव्हतं. त्यातली चांदी शालूच्या माहेरची. लग्नात बापानं आंदण दिलेल्या मेंढीच्या वंशातली ती शेवटची.

भाकरी तव्यावर टाकून शालूनं पत्र्याकडं पाहिलं आणि दुसऱ्या भाकरीला जरा जास्तच जोरात थापटी मारली.

*

ही सगळी भानगड सुरू झाली ती पितृपक्षात.

शालूचा नवरा कृष्णात शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. आठवड्याची सुट्टी मिळाली की वस्तीवर यायचा. दरसाल कोकरं मागंपुढं व्हायची. एक आज, एक महिन्यानं. रात्रीअपरात्री कुठल्या तरी शेताच्या बांधावर मेंढी अडायची आणि शालू एकटी. तेव्हा कृष्णातनं कुठून तरी ऐकून आणलं की सगळी मेंढरं एकाच आठवड्यात व्यायला लावता येतात. तेवढा आठवडा मी रजा काढतो म्हणाला. म्हातारा आठ दिवस हो-ना करत राहिला आणि शेवटी जनावरांच्या दवाखान्यातली दीक्षा म्याडम स्कूटीवरून एक खोकं घेऊन आली.

खोक्यात पांढरे मऊ बोळे. अंगठ्याएवढे. प्रत्येकाला शेपटासारखी दोरी.

"हे कुठं घालायचं?" बायडाबाईनं विचारलं. दीक्षानं सांगितलं. बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. "आगं आई. आन ते बी पितरपाठात! पितरं जेवायला यायचं दीस, आन ह्यास्नी मेंढरं फळवायची घाई."

"आजी, मला फक्त चौदा दिवस पाहिजेत," दीक्षा हसून म्हणाली. "ते पितरांचे असोत नाहीतर कुणाचे."

केरबा घोंगडं खांद्यावर टाकून उभा होता. "पण हुतं काय ह्यानं, बाय? नीट उलगडून सांग."

दीक्षा खोक्यावर बसली. वय पंचविशीचं, पण समजावून सांगायची हातोटी म्हातारीची. "असं समजा आबा, मेंढीच्या डोक्यात एक कारभारीण बसलीय. खालून, पोटाकडनं तिला रोज निरोप जातो. पोटात पिल्लू असलं की निरोप जातो, घर भरलंय, आता काही पाठवू नकोस. मग ती गप्प बसते. मेंढी माजावर येत नाही. ह्या बोळ्यात तोच निरोप भरलाय. पोट रिकामं, पण निरोप भरल्याचा. चौदा दिवस सगळ्यांच्या कारभारणी गप्प. मग एका दिवशी सगळे बोळे ओढून काढायचे. निरोप बंद. कारभारीण दचकून उठते, अरे घर तर मोकळं! आणि कामाला लागते. दोन दिवसांत सगळी मेंढरं एकदम माजावर."

"म्हंजी डोस्क्याला फसवायचं," केरबा म्हणाला.

"फसवायचंच. पण चौदाच दिवस. जास्त फसवलं तर मेंढीचंच वाटोळं."

केरबानं मान हलवली. पटलं म्हणून का नाही म्हणून, ते कळलं नाही.

बोळे बसवून झाले. दीक्षानं मेंढरांच्या पाठीवर रंगानं आकडे घालते म्हटलं, तेव्हा केरबा पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "आकडं न्हाय घालायचं. मी हाय की. मला कुठली कुठली ते कळतंय."

काढायचा दिवस आला तो सर्वपित्री अमावस्येचा. दीक्षा सकाळीच आली. वाघर, म्हणजे दोरीचं जाळं, मधे आडवं ताणून दोन भाग केले. अलीकडं बोळेवाली, पलीकडं मोकळी झालेली. निम्मं काम झालं आणि दीक्षाचा फोन वाजला. गारगोटीच्या वाटेवर एका गाईचं वासरू अडलं होतं.

"वहिनी, तुमच्या हाताला जमतंय," ती शालूला म्हणाली. "दोरी धरायची, हळूच खाली आणि मागं ओढायची. एवढंच. आणि दोरी दिसली नाही तर सोडायचं नाही. दोरी कधी कधी आत ओढली जाते. बोट घालून बघायचं. विसरायचं नाही."

ती गेली आणि अर्ध्या तासात परतीच्या पावसाचा असा गडगडाट झाला की मेंढरांनी वाघर तोडली. केलेली न केलेली एकात मिसळली. शालूचा जीव घाबरा झाला. पण केरबा हसला. "घाबरतीस कशाला? तू दोरी बघ, मी तोंड बघतो."

तसं काम चाललं. शेपूट वर करायचं, दोरी दिसली की ओढायची. बोळा बाहेर यायचा तो ओला, पिवळट, नाक धरायला लावणारा. शालूनं ते सगळे खड्ड्यात टाकले. मोजले नाहीत. घरात जे मोजत नव्हते ते खड्ड्यात कशाला मोजायचं?

मोकळ्या झालेल्या बहुतेक मेंढ्या तिच्या लक्षात होत्या, पण तीन वेळा तिला दोरीही दिसली नाही आणि नीट आठवलंही नाही. तीनही वेळा तिनं विचारलं, "मामा, हिचं झालंय का?"

केरबानं मेंढीचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. कपाळावरून, नाकाडावरून अंगठा फिरवला. आणि म्हणाला, "झालं की हिचं मगाशीच. सोड."

शालूनं सोडली. सासरा झालं म्हणतोय आणि आपण बोट घालून बघायचं, म्हणजे सासऱ्याच्याच डोळ्यांत बोट घालायचं. पण तिसऱ्या वेळी तिच्या मनात काहीतरी खटकलं. म्हातारा मेंढीचं तोंड हातात घेऊन बघत होता ते आभाळाकडं.

संध्याकाळी दीक्षाचा फोन आला. "सगळे निघाले?"

"मामा म्हणत्यात निघालं," शालू म्हणाली.

*

दोन महिन्यांनी एका गुरुवारी दुपारी कृष्णात रजा काढून आला. अंगाला भट्टीचा वास, डोळे लाल. जेवताना भाकरी मोडून तो म्हणाला, "तिघींचं काय झालं ते मला कळलंय. औषधच जुनं हुतं. फुकट मिळतंय म्हणून म्याडमनं वर्सापूर्वीचं खपवलं."

"मग बाकीची कशी लागली?" शालूनं विचारलं.

"बाकीच्यास्नी चांगलं घातलं आसंल."

"आवसंला काढल्यावर दुसरं काय हुणार?" बायडाबाई दारातून म्हणाली. "आन धैर्यशीलचा मेंढा तर बघा. आणला तवाच डोळं पडल्यालं. शेवटाला त्येच्यात काय जोर ऱ्हायला आसंल?"

धैर्यशील शेजारच्या मळ्यातला. त्याचा उंच मेंढा आठ दिवसांसाठी आणला होता. आणि नेमका धैर्यशील तेव्हाच बांधावरून वाडं घेऊन चालला होता. उसाचे हिरवे शेंडे डोक्यावर, तोंड झाकलेलं, पण कान उघडे.

"काकू, माझ्या मेंढ्याचं नाव घ्याचं न्हाय हं," तो तिथूनच ओरडला. "त्येनं आठ दिसांत जेवढं काम केलंय तेवढं तुमच्या किस्नानं फौंड्रीत वर्सात केलं न्हाय. आन त्या तिघी त्येला जवळच येऊ दीनात्या. येईल तवा टांग मारायच्या. आता त्येनं काय हात जोडायचं?"

शालूला हसू आलं आणि तिनं ते ताकाबरोबर गिळलं. पण धैर्यशील जे बोलला तेच खरं होतं. मेंढी नुसती भाकड असती तर मेंढ्याला निदान हुंगू दिलं असतं. ह्या तिघी दारंच लावून बसल्या होत्या. घर भरलंय, काही पाठवू नकोस.

केरबा कोपऱ्यात जेवत होता. त्याला ताटात भाजी कुठं आणि भाकरी कुठं, हे बायडाबाई वाढतानाच बडबडून सांगत होती. "आमटी ह्या बाजूला सांडंल हं, तिखाट झालीया, हिला मिरचीचं मापच न्हाय." म्हाताऱ्याचा हात बरोबर त्या बाजूला गेला.

"शनवारी जोतीराम हेडी येतोय," कृष्णात म्हणाला. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. "तिघीस्नी दिऊन टाकू. भाकड जनावर पोसायला काय आपला साखर कारखाना हाय?"

"चांदी माझ्या माह्यारची हाय," शालू म्हणाली.

"म्हणूनच फळली न्हाय," बायडाबाईनं लगेच जोडलं.

केरबानं पाण्याच्या तांब्यासाठी हात पुढं केला. तांब्या वीतभर पलीकडं होता. बायडाबाईनं तो न बोलता सरकवला, आणि त्याच्या पितळेचा मुद्दाम फरशीवर टक् असा आवाज केला.

शालूनं ते पाहिलं. कृष्णातनंही पाहिलं. दोघांनी एकदमच ताटाकडं बघितलं.

*

शुक्रवारी मेंढरं उसाच्या तोडलेल्या फडात नेली. हवेत कारखान्याच्या मळीचा वास, रस्त्यानं ट्रॅक्टर गाणी वाजवत चाललेले. फडात पाचट पसरलेलं, सरींच्या खाचा, मधेच पाटाची चर. शालू कळपाच्या मागं होती. पुढं सासू-सासरे. बायडाबाई चार पावलं पुढं, केरबा काठी टेकत मागं.

बायडाबाईचं तोंड चालूच.

"ह्या मुडद्यानं सरी कसली पाडलीया, ढोपराएवढी." केरबानं पाय उंच उचलला.

"आन पाटाचं पाणी बी फोडलंय हितं, डाव्या अंगाला निसता रेंदा." केरबा उजवीकडं सरला.

"ह्यो बांध फुटलाय, सून असती नीट तर दोन दगुड लावलं असतं." केरबानं काठीनं चाचपलं आणि बांध ओलांडला.

शालू जागच्या जागी थांबली. तिच्या पायाला पाचट लागून खाजत होतं, तरी ती वाकली नाही. दोन वर्षं. दोन वर्षं तिला वाटत होतं की म्हातारी आपल्याला टोचते. दारातला विळा, वाटेतला खुंटा, न झाडलेलं अंगण. रोज रात्री ती ते मनात मोजायची, मेंढरं मोजत नसली तरी टोमणे मोजायची. आणि म्हातारी तर नवऱ्याला वाट सांगत होती. चारचौघांत हाताला धरून चालवलं असतं तर गावाला कळलं असतं. म्हणून तोंडानं धरून चालवत होती. आणि वाट सांगितल्याचं कुणाला कळू नये म्हणून प्रत्येक वाटेवर सुनेचं नाव ठोकत होती.

शालूला राग आला. मग हसू आलं. मग दोन्ही विरलं.

कारण तिला हेही कळलं की हे तिला आत्ताच कळलेलं नाही. सर्वपित्रीच्या दिवसापासून कळत होतं. तिनं ते वर येऊ दिलं नव्हतं, एवढंच. कृष्णात पाच वर्षं म्हणत होता, आबाला जमंना झालं की त्याच दिवशी मेंढरं इकायची आणि शिरोलीला खोली घ्यायची. एक खोली, वर पत्रा, पुढं नाली, दिवसभर भट्ट्यांचा धूर. लेक क्रांती गारगोटीला हॉस्टेलवर, ती सुट्टीला कुठं येणार? आणि शालूनं तिथं करायचं काय? तिला मेंढरांशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि मेंढरांचं जे येत होतं ते तिला फार चांगलं येत होतं. म्हातारा बघतोय तोवर मेंढरं होती. म्हणून म्हातारा बघत होता. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की तो बघतोय.

दुपारी चांदी बाभळीखाली बसली. शालू तिच्या मागं गेली. शेपटाखाली लोकर चिकटलेली, माश्या घोंगावत होत्या. शालूनं शेपूट उचललं. वास आला. तोच, खड्ड्यातला. फक्त दोन महिने कुजलेला.

ती उठली आणि बांधाआड जाऊन तिनं दीक्षाला फोन लावला.

"म्याडम, उद्या सकाळी येशीला का? हेडी यायच्या आदी. …न्हाय, फोनवर न्हाय सांगत. तुम्ही या तर खरं."

फोन ठेवून वळली तर मागं बायडाबाई उभी.

"कुणाला लावलातास?"

"क्रांतीला."

"क्रांतीला म्याडम म्हणतीस व्हय?" म्हातारी जवळ आली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला होता. "शालू, जाऊ दे ती मेंढरं. दोनावर एकच हायत. गेली तर गेली. उकरून काय निघायचं हाय?"

"चांदीच्या आत काय तर हाय, आत्ती. ती कुजालीया."

"आसंल." म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. उसाचा धुरळा असेल. "आसूं दे. हेडी नेल, कापतील, मिटंल. तुला माझी आण हाय."

शालूनं आण घेतली पण नाही आणि मोडली पण नाही. ती चांदीच्या शेपटावरच्या माश्या हाकायला गेली.

*

शनिवारी उन्हं अंगणात उतरली आणि जोतीराम हेडीचा छोटा टेम्पो येऊन उभा राहिला. जोतीराम गोल पोटाचा, हसरा, हातात सतत बारीक काठी. त्यानं बांडीची कंबर चेपली, मोरीचं माकडहाड दाबलं.

"अंगानं बऱ्या हायत की, पावणं," तो कृष्णातला म्हणाला. "भाकड मेंढरू म्हंजी कसं, पोरं नसल्याली बाई. खाऊन निवांत."

त्याचं हसणं संपायच्या आत स्कूटी आली. दीक्षानं हेल्मेट काढलं, टेम्पो बघितला, मेंढ्या बघितल्या. चांदीच्या मागं येताच तिच्या नाकपुड्या फुगल्या.

"थांबा. ह्यांना न्यायचं नाही. आधी मला बघू द्या."

"आता काय बघायचं?" बायडाबाई आडवी आली. "तुमचं बघूनच ही येळ आली न्हवं का? औषध जुनं घातलंसा. जावा तुम्ही. आमचं आमी बघतो."

"आजी, पाच मिनिटं."

"पाच बी न्हाय आन अर्दं बी न्हाय."

"आत्ती," शालू म्हणाली, "सरा." आणि तिनं चांदीला कानाजवळ धरून दोन्ही गुडघ्यांत आवळलं. बावीस वर्षांत ती सासूला सरा म्हणाली नव्हती. बायडाबाई सरली, कदाचित नुसत्या आश्चर्यानं.

दीक्षानं हातमोजा चढवला, बोटांना औषध लावलं. चांदी एकदा कण्हली. दीक्षाचं मनगट वळलं, थांबलं, परत वळलं. आणि मग हळूहळू बाहेर आला तो बोळा. काळा पडलेला, बुळबुळीत. दोरी त्याच्याच भोवती गुंडाळलेली. अंगणात असा वास सुटला की कोंबड्या पांगल्या.

जोतीरामनं टॉवेल नाकाला लावला. "आयला! हे मटण मी कुणाच्या ताटात घालू? किस्ना, मला माझं नाव हाय बाजारात." तो टेम्पोकडं मागं मागं सरकत गेला, पण बसला नाही. गंमत सोडून जाण्याएवढा वास काही वाईट नव्हता.

बांडीतून एक निघाला. मोरीतून एक.

दीक्षानं तिन्ही बोळे कागदावर ठेवले. तिचा चेहरा उतरला होता. "दोन महिने. दोन महिने ह्यांच्या आत खोटं कुजत पडलंय. हेडीला दिलं असतं म्हणजे झालंच. धुऊन काढते, औषध देते. जगतील. लागतील का, ते आत्ता सांगू शकत नाही." मग तिनं वर पाहिलं. "वहिनी, मी काय सांगून गेले होते? दोरी दिसली नाही तर बोट घालून बघायचं. त्या दिवशी कोण बघत होतं?"

"हीच," बायडाबाई म्हणाली. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. "दुसरं कोन हुतं? हिच्याच हातनं काढल्याल्या."

कृष्णातनं बायकोकडं बघितलं. मग ओट्यावर बसलेल्या बापाकडं. मग परत बायकोकडं. तो जवळ आला आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "शाले, म्हण माझं चुकलं म्हणून. म्हणून टाक. मिटव."

म्हणजे ह्यालाही ठाऊक होतं. औषध जुनं होतं म्हणून जो दवाखान्याला शिव्या देत होता, त्यालाही ठाऊक होतं. विकायचीच असती तर आज केवढी संधी होती. पण बापाच्या तोंडावर ते बोलायला त्याची जीभ उचलत नव्हती. शालूला त्या एका क्षणी नवरा आवडला आणि त्याच क्षणी त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

"माझं चुकलं, म्याडम," ती म्हणाली.

"चुकलं? वहिनी, तुम्ही हुशार आहात म्हणून मी विश्वासानं सोडून गेले. दुसरं कुणी असतं तर गेले नसते."

"व्हय. माझंच चुकलं. मी बघितलो न्हाय."

"तिघींचं? तीन वेळा दोरी दिसली नाही आणि तीनही वेळा बघावंसं वाटलं नाही?"

जोतीरामनं जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "बायकांचं काम म्हंजी असंच. मोबाईल आसंल हातात."

शालूनं मान खाली घातली. मेंढीच्या लोकरीत तिची बोटं रुतली होती. तिला वाटलं होतं की अंगावर घेतलं की हलकं वाटेल, थोरपणा वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसतं तोंड भाजल्यासारखं वाटलं, आणि ह्या हेडीपुढं रडू येऊ नये एवढीच काळजी.

ओट्यावर काठी वाजली. केरबा उठला होता.

"आवं, बसा की," बायडाबाई म्हणाली. "उनात कशाला येताय? हितं टेम्पू हुबा हाय मुडद्याचा, हितं—"

"बायडे, गप."

तो मेंढीच्या कण्हण्याच्या दिशेनं आला. टेम्पोच्या फाळक्याला त्याचा खांदा घासला. तो थांबला, हातानं पत्रा चाचपला आणि पुढं झाला. कुणी त्याला धरलं नाही. धरायला हात सगळ्यांचेच उठले होते. त्याचा गुडघा चांदीच्या कुशीला टेकला तसा तो खाली बसला आणि त्यानं तिचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. कपाळ. नाकाड. कानाची कड. तो कितीतरी वेळ चाचपत राहिला. मेंढीनं त्याचं मनगट चाटलं.

"कुठली ही?" त्यानं विचारलं.

जोतीराम हसायला गेला आणि कुणी हसत नाही म्हणून थांबला.

"इचारतोय मी. मोरी का बांडी?"

"चांदी हाय, मामा," शालू म्हणाली.

"चांदी." म्हाताऱ्यानं मान डोलावली. "तिच्या आजीला मी तुज्या माह्यारच्या दारात निवडल्याली हुती, शालू. तुज्या बापानं दुसरीच काढल्याली. मी म्हटलं, ती न्हाय, ही. नाकाड बघून म्हटलं." त्याचा अंगठा अजून मेंढीच्या नाकाडावर फिरत होता. "म्याडम, हिला बोलू नगा. हिनं तीनदा इचारलं मला. तिन्ही येळंला मी झालं म्हटलं."

"आबा, ऱ्हाऊ द्या," कृष्णात म्हणाला. "आता कशाला—"

"तुला बी ठावं हाय, किस्ना. तुज्या आईला बी. ह्या पोरीला बी." केरबानं तोंड वर केलं, पण लेकाकडं नाही. लेक जिथं उभा होता त्याच्या दोन हात उजवीकडं, टेम्पोच्या मोकळ्या फाळक्याकडं. "मला दिसत न्हाय. दोन पावसाळं झालं. मला कायसुदीक दिसत न्हाय."